पात्रता कोणाची? जटिल गरजा असलेली मुले आणि विशेष शाळेतील प्रवेश

विशेष शाळा निघाल्या त्याच मुळी सर्वसाधारण शाळेत जागा न मिळालेल्या मुलांसाठी. त्यामुळे अशा शाळेतूनही एखाद्या मुलाला परत पाठवले जात असेल, ही शक्यता त्या अनुभवातून गेलेल्या कुटुंबांखेरीज फारशी कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात मात्र ज्या मुलाला चालता येत नाही, नीट ऐकू येत नाही आणि मधूनमधून फिट येते, त्याच्या आईवडिलांना कर्णबधिरांच्या शाळेत सांगितले जाते की उचलून न्याव्या लागणाऱ्या मुलासाठी येथे मदतनीस नाहीत, अस्थिव्यंगांच्या शाळेत सांगितले जाते की न ऐकणाऱ्या मुलाला शिकवण्याचे प्रशिक्षण येथील शिक्षकांना नाही, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत विचारले जाते की फिट आली तर जबाबदारी कोण घेणार. यांतील प्रत्येक उत्तर आपापल्या जागी खरे असते आणि बहुधा सहानुभूतीनेच दिलेले असते. तरीही या तिन्ही उत्तरांचा एकत्रित परिणाम असा होतो की ज्याला शाळेची सर्वाधिक गरज आहे तेच मूल घरी राहते.

‘जटिल गरजा’ ही संज्ञा येथे ज्या अर्थाने वापरली आहे तो अर्थ आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. दोन किंवा अधिक अक्षमता एकाच मुलात असणे एवढाच तिचा आशय नाही. एका अक्षमतेवरचा रूढ उपाय दुसऱ्या अक्षमतेमुळे निरुपयोगी ठरतो, ही तिची खरी खूण आहे. ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांची भाषा शिकवता येते, परंतु सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे, ज्याचे हात ताठरलेले आहेत त्याला त्या खुणा करता येत नाहीत. न दिसणाऱ्या मुलाला ब्रेल आणि बोललेला शब्द यांचा आधार असतो, परंतु तेच मूल बधिरही असेल तर बोललेला शब्द हातचा जातो आणि ब्रेलपर्यंत पोहोचण्याआधी स्पर्शातून भाषाच मुळापासून उभी करावी लागते. याला बहुतेकदा अपस्मार, गिळण्यातील अडचण, पोटात बसवलेल्या नळीतून अन्न देण्याची गरज किंवा झोपेचे बिघडलेले चक्र यांची जोड असते. अशा मुलाचे शिक्षण अशक्य नसते. मात्र एका प्रवर्गासाठी तयार केलेल्या शाळेत ते आपोआप घडतही नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातील २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींपैकी सुमारे २१ लाख व्यक्ती बहुविकलांग या गटात नोंदवल्या गेल्या. त्याच जनगणनेच्या आधारे युनेस्कोने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने २०१९ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार दृष्टी किंवा श्रवणाची अक्षमता असलेल्या मुलांपैकी सुमारे २० टक्के मुले कधीच शाळेत गेलेली नव्हती, तर बहुविकलांग आणि मानसिक आजार असलेल्या मुलांच्या बाबतीत हेच प्रमाण निम्म्याहून अधिक होते. या दोन आकड्यांमधील अंतर मुलांच्या क्षमतेतील फरकाने पूर्णपणे उलगडत नाही. त्यातील मोठा वाटा प्रवेशाच्या पद्धतीचा आहे, आणि प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की ही पद्धत ज्या प्रश्नावर उभी आहे तो प्रश्नच उलटा आहे. मूल शाळेच्या पात्रतेचे आहे का, हे तपासण्यात प्रवेशाची सारी यंत्रणा गुंतलेली असते. शाळा मुलाच्या पात्रतेची आहे का, आणि नसेल तर ती तशी होण्यासाठी काय लागेल, याची चौकशी करण्याची जबाबदारी मात्र कोणावरही टाकलेली नाही.

ही प्रवर्गनिहाय रचना एका दिवसात आलेली नाही. मुंबईत १८८० च्या दशकात मूकबधिरांसाठी आणि १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांच्या पुढाकाराने अंधांसाठी शाळा निघाल्या, आणि तेव्हापासून एक इंद्रिय किंवा एक अवयव म्हणजे एक शाळा, असा साचा रुळला. पुढे शासनाने मान्यता आणि अनुदान देताना अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग व मतिमंद असे चार प्रवर्ग धरले. शाळेची मंजुरी, पटसंख्या, शिक्षकांची पदे, त्यांची पदविका हे सर्व त्या प्रवर्गाला बांधले गेले. शिक्षकाचे प्रशिक्षणही एकाच अक्षमतेत विशेष नैपुण्य देणारे असल्यामुळे, दुसऱ्या प्रवर्गाचे मूल समोर आले की ‘हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हते’ असे म्हणणारा शिक्षक कामचुकार नसतो, तो आपल्या प्रशिक्षणाची मर्यादा सांगत असतो.

या साच्याबाहेरच्या मुलांसाठी महाराष्ट्रात जे काही उभे राहिले त्यातील बरेचसे पालकांनी उभे केले, ही बाब पुरेशा गांभीर्याने लक्षात घेतली गेलेली नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी योग्य शाळा नाही म्हणून वकील दांपत्याने १९४४ मध्ये मुंबईत जी शाळा सुरू केली तीच आजची जय वकील शाळा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांना भारतात शिकण्यासाठी जागा नव्हती म्हणून त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मालिनी यांनी पुढे उच्च शिक्षण घेतले आणि २०११ मध्ये स्वतःचे आत्मकथन प्रसिद्ध केले. बधिरांध, म्हणजे ऐकणे आणि पाहणे ही दोन्ही इंद्रिये बाधित असलेल्या मुलांसाठी बेरोझ वाच्छा यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू झाली, तोवर ही मुले अंधशाळा व बधिरशाळा यांच्यामधल्या फटीत राहत होती. या संस्थांचे कार्य मोठे आहे याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या आईवडिलांकडे संस्था काढण्याइतका पैसा, शिक्षण आणि ओळखी नव्हत्या त्यांच्या मुलांचे काय झाले, याची नोंद कोणत्याही संस्थेच्या इतिहासात सापडणार नाही, आणि अशी कुटुंबे संख्येने कितीतरी अधिक होती.

प्रवेशाची वाट आज अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापासून सुरू होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अक्षमतेचे प्रकार सातवरून २१ वर नेले, बधिरांधत्वासह बहुविकलांगतेला त्यांत स्थान दिले आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमतेला लक्षणीय दिव्यांगत्व मानले. एकाहून अधिक अक्षमता असतील तर त्यांची टक्केवारी एकत्र करण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वांत एक सूत्र दिलेले आहे: नव्वदमधून मोठी टक्केवारी वजा करायची, उरलेल्या संख्येला लहान टक्केवारीने गुणून नव्वदने भागायचे आणि आलेले उत्तर मोठ्या टक्केवारीत मिळवायचे. समजा, एका मुलाची हालचालींची अक्षमता ६० टक्के आणि बौद्धिक अक्षमता ५० टक्के ठरली. नव्वदमधून साठ गेले, तीस उरले, तीसला पन्नासने गुणून नव्वदने भागले की सुमारे १७ येतात, आणि प्रमाणपत्रावर ७७ टक्के लिहिले जातात. आता दुसऱ्या एका मुलाची दृष्टीची अक्षमता ६० टक्के आणि श्रवणाची ५० टक्के असेल, तर त्याचेही उत्तर ७७ च येते. पहिल्याला आधार देणारी खुर्ची, हातांसाठी व्यायामोपचार आणि सोप्या पायऱ्यांत केलेली मांडणी हवी आहे. दुसऱ्याला स्पर्शाची भाषा आणि हात हातात घेऊन शिकवणारी एक कायमची व्यक्ती हवी आहे. निवृत्तिवेतन, प्रवास-सवलत किंवा विमा यांसाठी ही संख्या उपयोगी पडते आणि ती असणे न्याय्यच आहे. परंतु शाळेच्या दृष्टीने तिच्यात काहीही माहिती नाही, आणि तरीही प्रवेश-अर्जावर पहिल्या काही रकान्यांत तीच विचारली जाते.

टक्केवारी ज्या चाचण्यांतून येते त्यांच्याकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. बौद्धिक चाचण्यांच्या भारतीय इतिहासात मराठी प्रदेशाचा वाटा मोठा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाड येथे बिने यांच्या चाचणीचे कन्नड आणि मराठी रूप तयार केले, आणि ‘बिने-कामत’ या नावाने ती आजही वापरात आहे. व्हाइनलंड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूप नागपूरच्या ए. जे. मॅलिन यांनी तयार केले. परक्या देशातील मुलांवर प्रमाणित केलेल्या मोजपट्ट्या जशाच्या तशा न वापरण्याची ही दृष्टी त्या काळात दुर्मीळ होती आणि ती आदराने स्मरणात ठेवली पाहिजे. या चाचण्या सदोष आहेत असे येथे मुळीच सुचवायचे नाही. ज्या मुलांचा विचार करून त्या घडवल्या गेल्या नाहीत त्या मुलांच्या प्रवेशाचा निकाल त्यांच्यावर सोपवणे, हा दोष चाचणी वापरणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

बिने-कामत चाचणी बव्हंशी बोलण्यावर अवलंबून आहे; न बोलणारे मूल तिच्यात फार पुढे जाऊच शकत नाही. व्हाइनलंड श्रेणीत ८९ बाबी आहेत आणि त्या पालकांना विचारून भरल्या जातात: मूल स्वतःच्या हाताने पेल्यातून पाणी पिते का, कपडे घालते का, घराभोवती एकटे फिरते का. उत्तरांवरून सामाजिक वय निघते, त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की सामाजिक गुणांक मिळतो, आणि तो ३६ ते ५४ च्या दरम्यान असला की बौद्धिक अक्षमता मध्यम म्हणजे ७५ टक्के धरली जाते. ज्या मुलाचा हात पेल्यापर्यंत पोहोचत नाही त्याला त्या बाबीचा गुण मिळत नाही, मग पेला म्हणजे काय, तो कोणाचा, त्यात पाणी आहे की दूध हे सारे त्याला कळत असले तरीही. अशा रीतीने तोच एक हात आधी हालचालींच्या टक्केवारीत मोजला जातो आणि नंतर बुद्धीच्या टक्केवारीत पुन्हा मोजला जातो. आणि प्रवेश-समितीपुढे मूल येते तेव्हा त्याच्या अंगावर अशी एक बौद्धिक अक्षमता लिहिलेली असते, जिचा काही भाग खरे तर स्नायूंचा आहे.

यापेक्षाही सूक्ष्म अडचण मेंदूजन्य दृष्टिदोषाची आहे. या दोषात डोळा निरोगी असतो, डोळ्यांच्या तपासणीत फारसे काही सापडत नाही, परंतु डोळ्याने टिपलेल्या प्रतिमेचा अर्थ लावणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा झालेली असते, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांमध्ये हा दोष वारंवार आढळतो. अशा मुलासमोर भडक रंगांच्या चित्रांनी भरलेले पान धरले तर ते तोंड फिरवते; तेच काळ्या कापडावर एकच लाल किंवा पिवळी वस्तू ठेवून ती हळू हलवली, खोलीतला गोंगाट थांबवला आणि काही वेळ काहीही न बोलता वाट पाहिली, तर मूल तिच्याकडे पाहते, पुन्हा मान वळवते आणि न पाहता हात पुढे करते. पाहणे आणि हात पुढे करणे या दोन क्रिया त्याला एकाच वेळी जमत नाहीत, म्हणून ते त्या एकामागून एक करते. ज्या परीक्षकाला हे ठाऊक आहे तो या हालचालीत मुलाने योजलेला उपाय पाहतो. ज्याला ठाऊक नाही तो ‘लक्ष देत नाही’ असे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्यात बसण्याची अडचण आणखी मिसळते. पाय अधांतरी लोंबत असतील आणि कमरेला आधार नसेल तर मुलाची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते; हात आणि मान मोकळे राहत नाहीत. म्हणजे कार्यालयातील साध्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर किंवा आईच्या मांडीवर घेतलेली चाचणी ही पुष्कळदा त्या आसनाचीच चाचणी असते. मेळघाटात कोरकू किंवा खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या घरातील मुलाला हे सारे प्रमाण मराठीतून विचारले जाते, ही भर वेगळीच.

मूल्यमापन नसावे असा याचा अर्थ नाही. उलट, जटिल गरजा असलेल्या मुलाचे मूल्यमापन अधिक खोल, अधिक सावकाश आणि अनेकांनी मिळून करण्याची गोष्ट आहे, आणि त्यासाठीची साधने याच देशात घडलेली आहेत. चेन्नईत तयार झालेली मद्रास विकासात्मक कार्यक्रम पद्धती १८ क्षेत्रांत प्रत्येकी २० अशा ३६० वर्तनबाबींची नोंद घेते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेल्या कार्यात्मक मूल्यमापन सूचीत पूर्वप्राथमिकपासून व्यवसायपूर्वपर्यंतच्या पातळ्यांबरोबर अतितीव्र गरजांच्या मुलांसाठी देखभाल गटाचीही वेगळी सूची आहे. या दोन्ही साधनांचा हेतू मुलाला पुढे काय शिकवायचे हे ठरवणे हा आहे, आणि ती नीट भरायला मूल रोज डोळ्यांसमोर असावे लागते. हीच साधने प्रवेशाआधी तासाभरात भरून घेतली की तीही चाळणीच बनतात. म्हणून प्रवेश आधी आणि मूल्यमापन नंतर, हा क्रम केवळ दयेचा नाही, तो शास्त्राचाही आहे.

अर्जातील छापील रकान्यांपेक्षा न छापलेल्या अटी अधिक निर्णायक असतात. ‘शी-शू सांगतो का?’, ‘स्वतःच्या हाताने जेवते का?’, ‘एका जागी बसेल ना?’ हे प्रश्न मुलाखतीत सहज विचारले जातात आणि उत्तर नकारार्थी आले की ‘थोडे मोठे होऊ दे, मग आणा’ असे सांगितले जाते. कायद्यात अशी कोणतीही अट नाही. शौचाची सवय लावणे, हाताने घास घेणे, कपडे घालणे ही दैनंदिन स्वावलंबनाची कौशल्ये विशेष शाळेच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहेत. जे शाळेने शिकवायचे ते घरून शिकून आल्यावरच शाळेत घ्यायचे, ही अट शिक्षणाच्या मूळ कल्पनेशीच विसंगत आहे. काही मुलांना ही नियंत्रणे मज्जारज्जूच्या दोषामुळे कधीच येणार नसतात, त्यांच्या बाबतीत तर ‘मोठे होऊ दे’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो. निवासी शाळांत ही अट अधिकच कडक असते, आणि ज्या तालुक्यांत निवासी शाळा हाच एकमेव पर्याय आहे तेथे ती अट म्हणजे बंद दार.

जेवणाचे उदाहरण घेतले तर शाळेपुढील अडचणही तितकीच स्पष्ट होते. गिळण्याची क्रिया बिघडलेल्या मुलाला भरवणे हे केवळ मायेचे काम नाही. मूल ताठ बसलेले, हनुवटी किंचित खाली झुकलेली, घास लहान, भात-वरण एकजीव आणि घट्टसर, आधीचा घास पूर्ण गिळला गेला हे पाहूनच पुढचा, असे ते चालते आणि एका मुलामागे अर्धा-पाऊण तास सहज जातो. पातळ पेय घाईने पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. फिट येणाऱ्या मुलासाठी लेखी सूचना लागते: पाच मिनिटांहून अधिक काळ फिट चालू राहिली तर कोणते औषध, किती, कोणी द्यायचे, नाकात फवारण्याचे औषध आता उपलब्ध आहे आणि ते देणे शिकवता येते, पण ते शिकवायला कोणीतरी शाळेत यावे लागते आणि अनर्थ घडला तर शिक्षकाला एकटे पाडले जाणार नाही, याची हमी लागते. एकाच मदतनीस बाईंवर वीस मुलांची ने-आण, स्वच्छता आणि जेवण सोपवलेल्या शाळेने अशा मुलाला घेण्यास कचरणे समजण्यासारखे आहे. बधिरांध आणि एकाहून अधिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी दोन मुलांमागे एक विशेष शिक्षक, अशी शिफारस आहे. विशेष शिक्षकांच्या पदांविषयीच्या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिची दखल घेतलेली आहे. प्रवर्गनिहाय मंजूर पदांच्या जुन्या आकृतिबंधात हे प्रमाण बसत नाही. म्हणून नकार देणाऱ्या मुख्याध्यापकांना दोषी ठरवून प्रश्न सुटणार नाही. ज्या व्यवस्थेने त्यांच्या हाती नकाराखेरीज काही दिले नाही ती व्यवस्था उत्तरदायी आहे.

कायदा याबाबतीत वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. २०१६ च्या अधिनियमाच्या ३१ व्या कलमाने सहा ते अठरा वयोगटातील लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. येथे पसंती मुलाची आहे, शाळेची नव्हे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी करण्यास मनाई केली आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा वंचित गटात समावेश केला. त्याच दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अक्षमता असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षण, म्हणजे शिक्षकाने ठरावीक अंतराने घरी येऊन शिकवण्याचा पर्याय, निवडण्याचाही हक्क दिला. ज्या मुलाची प्रकृती घराबाहेर पडू देत नाही त्याच्यासाठी तो मोलाचा आहे. परंतु इतर सर्व शाळांनी नकार दिल्यावर उरलेल्या एकमेव वाटेला निवड म्हणणे योग्य होणार नाही. आठवड्यातून एखादा तास येणाऱ्या शिक्षकाच्या भेटीने हजेरीपत्रकावर मूल शिकणारे ठरते, आणि त्याला हव्या असलेल्या इतर मुलांच्या सहवासाचा, आईला मिळू शकणाऱ्या चार तासांच्या विश्रांतीचा किंवा रोजगाराचा हिशेब कोठेच मांडला जात नाही.

इतर देशांनाही या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. इंग्लंडमध्ये १९७० च्या कायद्यापर्यंत काही मुले ‘शाळेत शिक्षण घेण्यास असमर्थ’ ठरवली जात आणि शिक्षण खात्याऐवजी आरोग्य खात्याच्या केंद्रांत पाठवली जात. १९७१ च्या एप्रिलपासून हा भेद रद्द झाला आणि कितीही तीव्र अक्षमता असली तरी मूल शिक्षण खात्याच्या अखत्यारीत आले. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातील रॉचेस्टर येथील ‘टिमथी डब्ल्यू.’ या नावाने ओळखल्या गेलेल्या खटल्यातील मुलाला सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, तीव्र बौद्धिक अक्षमता आणि मेंदूजन्य दृष्टिदोष हे सारेच होते. शिक्षणाचा लाभ घेण्याची क्षमता त्याच्यात नाही, म्हणून त्याला शिकवण्याचे बंधन नाही, अशी शाळा-प्रशासनाची भूमिका होती आणि खालच्या न्यायालयाने ती मान्य केली. १९८९ मध्ये वरच्या न्यायालयाने ती फेटाळली. लाभाची पूर्वखात्री ही शिक्षणाची अट असू शकत नाही, कायद्याने कोणत्याही मुलाला वगळलेले नाही आणि शिक्षणात अगदी प्राथमिक जीवनकौशल्येही येतात, असे त्या निकालाचे सार आहे. भारतीय कायद्याच्या शब्दांतून हाच अर्थ निघतो. कमतरता आहे ती तो अर्थ प्रवेशाच्या टेबलापर्यंत पोहोचवण्याची.

इंग्लंडच्या उदाहरणातील खात्यांचा मुद्दा महाराष्ट्राला थेट लागू पडतो. सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि विशेष शाळा आधी सामाजिक न्याय विभागाकडे, डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे, अशी येथील विभागणी आहे. स्वतंत्र विभाग स्थापन करण्याच्या निर्णयाने या प्रश्नांना मंत्रालयात एक निश्चित दार मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि जे मूल दोन्ही प्रकारच्या शाळांतून परत आले त्याची जबाबदारी दोन विभागांपैकी नेमकी कोणाची, हे अजूनही ठरलेले नाही. आणि ज्याची जबाबदारी ठरलेली नाही त्याची दखलही घेतली जात नाही.

प्रवेश वेगळ्या पद्धतीने होऊ शकतो, आणि तो कसा हे सांगायला मोठ्या योजनेची गरज नाही. मूल प्रथम दाखल करून घ्यावे, आणि पहिले सहा ते आठ आठवडे हा ओळखीचा काळ मानून त्यात आई किंवा घरातील जाणत्या व्यक्तीला वर्गात बसू द्यावे. या काळात मुलाविषयीची एक पातळशी वही तयार व्हावी, जी त्याच्या दप्तरात कायम राहील: हो म्हणायचे असेल तर ते डोळे वर नेते की जीभ बाहेर काढते, नको असेल तर काय करते, कोणत्या आवाजाने दचकते, कोणत्या बाजूने भरवायचे, दुखत असेल तर कसे कळते. अशी माहिती आईकडे वर्षानुवर्षे साठलेली असते आणि मुलाखतीत ती कोणी विचारत नाही. न बोलणाऱ्या मुलासाठी संवादाचे पर्यायी साधन पहिल्या दिवसापासून वर्गात असावे. मग ते हाताने काढलेल्या चित्रांचा फलक असो, नजरेने खूण करता यावी असा पारदर्शक फलक असो किंवा मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेले, मराठीतही चालणारे जेलो हे मोबाइल अ‍ॅप असो. बोलणे येईल तेव्हा पाहू म्हणून या साधनांची वाट अडवून धरण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे आणि ती मुलाची भाषेची अत्यंत मोलाची वर्षे वाया घालवते.

पदांचा प्रश्न यातून सुटत नाही, आणि तो सोडवण्याची जागा शाळा नाही. मात्र कोणती पदे, कोठे आणि किती हवीत हे कळण्याचा मार्ग आज शासनाकडे नाही, कारण नकार तोंडी दिला जातो आणि त्याचा कागद होत नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या १७ व्या कलमाने दर पाच वर्षांनी शाळेत जाणाऱ्या मुलांचे सर्वेक्षण करून अपंग मुले, त्यांच्या गरजा आणि त्या कितपत भागतात हे पाहण्यास सांगितले आहे. परंतु जे मूल शाळेत घेतलेच गेले नाही ते अशा मोजणीबाहेर राहण्याचा धोका उघड आहे. यास्तव प्रत्येक विशेष शाळेने, आणि प्रत्येक सर्वसाधारण शाळेनेही, प्रवेश नाकारताना पालकांच्या हाती लेखी पत्र द्यावे, त्याची प्रत जिल्हास्तरीय कार्यालयात जावी आणि तेथून ती दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांना उपलब्ध व्हावी, असा नियम होणे आवश्यक आहे. त्या पत्रात मुलाचा प्रवर्ग किंवा टक्केवारी लिहू नये. शाळेत नेमके काय नव्हते तेवढेच लिहावे: उताराची वाट नव्हती, भरवणारी प्रशिक्षित व्यक्ती नव्हती, फिटचे औषध देण्याची लेखी परवानगी नव्हती, आधाराची खुर्ची नव्हती, बहुविकलांगतेत प्रशिक्षित शिक्षक नव्हता, बसमध्ये चढवण्याची सोय नव्हती. जिल्ह्यातील अशा पत्रांची वर्षाअखेरीस बेरीज व्हावी आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकातील पदे व साधने त्या बेरजेवरून ठरावीत. आणि पत्र मिळालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, त्याला शाळा मिळेपर्यंत, एका नेमून दिलेल्या अधिकाऱ्याच्या यादीवर राहावे.